दोन दिवस थांबू, आभाळ पाहू

तुमी लोकं विचारता ना, का चार माणसांत मी एवढा ठाम कसा बोलतो, तर त्याचं ऐका.

कोंढ्याजवळ आमचं गाव. धानाले तलावाचं पाणी कधी सोडायचं, हे ठरवाले दरवर्षी घरटी एक माणूस बैठकीले जाते. मी चोवीस वर्षांचा, डिग्री घेऊन घरी बसलो होतो. त्या वर्षी बाबा म्हणाले, "आता तूच जात जा."

गेलो. गावातले जुने जाणते धोंडूजी म्हणाले, "घरी मोठं माणूस नाही का?"

"मीच आलो."

"बरं. मंग सांग, उद्या पाणी सोडाचं का नाही? पहिलं पाणी तुमच्याच धानाच्या बांधीत जाते. अन् तलाव लवकर आटला तर साऱ्या गावाचं धान वाळते, हे बी पाह्य."

सगळे म्हातारे माह्याकडे पाहून राहिले. मले धानातलं काहीच समजत नव्हतं. फोन आल्यासारखं करून बाहेर आलो अन् बाबाले लावला.

"तुले काय वाटते?" बाबानं विचारलं.

"मले काहीच नाही वाटत."

"मंग म्हण, दोन दिवस थांबू, आभाळ पाहू."

आत जाऊन, जरासा घसा खाकरून मी तेच म्हटलं. सगळ्यायनं माना हलवल्या. धोंडूजी म्हणाले, "पोरगा बापावर गेला."

घरी आल्यावर बाबाले विचारलं, "थांबाले पाहिजे, हे तुमाले घरी बसून कसं समजलं?"

"मले कुठं समजलं," बाबा म्हणाले. "तुह्या आज्यानं मले पहिल्यांदा पाठवलं, तवा घाबरून हेच म्हटलं होतं. तवापासून दरवर्षी हेच म्हणून राहिलो."