श्रमदानाचे मानकरी

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा सिग्रुन, व्यासपीठावर विराजमान झालेले राजधानीचे पाहुणे, आज राजकारणातून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, माजी मंत्री ओद्वार ब्रेक्के, आणि कॉफीचे कप घेऊन भिंतीला टेकलेल्या माझ्या हेल्लेय बेटवासीयांनो,

पाहुण्यांनी आत्ता ओद्वार यांच्या कारकिर्दीवर एवढी फुलं उधळली, त्यानंतर या गुनवोरने काय बोलावं? पण त्यांच्या पक्षाच्या इथल्या शाखेची मी प्रमुख. शाखेत माणसं उरली नसली तरी मान तो मान!

ओद्वार आणि माझे यजमान तोरलाइफ एका बाकावर शिकले, एका होडीतून मासेमारीला गेले. ओद्वार यांना होडीत पाय ठेवला की उलट्या व्हायच्या. म्हणूनच बहुधा सरकारने त्यांना मत्स्योद्योगमंत्री केलं. त्यांच्या काळात आपलं मासळी उतरवायचं केंद्र बंद झालं. मग शिक्षण खातं मिळालं, शाळा बंद झाली. तरी मत आपण त्यांनाच दिलं. आपल्या बेटाचा पोरगा ना! आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं पुढे त्यांना आरोग्य खातं मिळालं.

तेव्हा आपल्या वृद्धाश्रमाचं छप्पर गळत होतं. राजधानीतून उत्तर आलं, पैसे नाहीत. आपण चिडलो. निषेध करायचं ठरलं. इतर मुलखांत निषेध म्हणजे घोषणा देतात, काचा फोडतात. आपल्याला ते जमतं होय? आपण निषेध म्हणून श्रमदान केलं! सरकारला लाज वाटावी म्हणून अख्खं बेट हातोड्या घेऊन छपरावर चढलं. आपल्या शेतिलने तर नव्या होडीसाठी जपून ठेवलेल्या फळ्या आणून दिल्या.

मग लाज वाटली का कुणाला? छे हो! मंत्रिमहोदय स्वतः आले, फीत कापली. आपल्या हातचे गरम वाफल तपकिरी चीज घालून मागून मागून खाल्ले आणि म्हणाले, "बघा, जिथे अशी माणसं आहेत, तिथे सरकारची गरजच काय?" आपण टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच अर्थसंकल्पात आश्रमाचं अनुदान गेलं. एवढी कर्तबगार माणसं आपले म्हातारे घरीच सांभाळतील, असा विचार. आश्रमाला कुलूप लागलं. ज्यांना घरी सांभाळणं शक्यच नव्हतं, त्यांना खाडीपलीकडच्या शहरात हलवायचं ठरलं. आणि त्यांचं सामान बोटीवर कुणी चढवलं? बरोबर. आपणच, श्रमदानाने! न येऊन सांगतो कुणाला? जो श्रमदान चुकवतो त्याच्या मयतालासुद्धा इथे लोक ती आठवण काढतात.

काय म्हणालास, बेर्न्ट? "गुनवोर, आवर आता, केकवरचं क्रीम वितळतंय"? वितळू दे. मंत्रिमहोदयांच्या काळात अख्खी शाळा वितळली, तेव्हा नाही ओरडलास.

जुनं ते जपावं, हे आमच्या पक्षाचं ब्रीद. पाहुणेहो, ओद्वार यांनी जपलंय की! आजोबांचं होडीघर बघून या. नवा रंग, नव्या काचा. निवृत्तीनंतर हे तिथेच राहणार आहेत, समुद्राकडे तोंड करून.

हसा, हसा. पण बोटीवर चढवलेल्या त्या सामानात माझ्या तोरलाइफची खुर्ची होती. दोन्ही बाजूंनी धरून आम्हीच ती चढवली. आता त्याला माझं नाव आठवत नाही. मी भेटायला गेले की खिडकीतून बेटाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "बाई, तेवढं ओद्वारला कळवा ना. तो माझा दोस्त आहे. होडी घेऊन येईल आणि मला घरी नेईल."

मला विसरला, ओद्वार. तुला नाही विसरला. मला याचा फार राग येतो, आणि रडूही येतं. दर वेळी मी सांगते, ओद्वार कामात आहे हो, मोठा साहेब झालाय.

आजपासून तू कामात नाहीस. उद्या सकाळच्या बोटीने मी जाणार आहे आणि तू माझ्याबरोबर येणार आहेस. त्याला घरी का नेता येत नाही, ते त्याच्याजवळ बसून तुझ्या तोंडाने सांग. तुझं भाषण तो नीट ऐकेल, मधे बोलणार नाही.

स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायाबापड्यांचे, अध्यक्षांचे आणि इतक्या दूरवरून आलेल्या पाहुण्यांचे मनापासून आभार. बोलताना काही अधिक-उणं झालं असेल तर मंडळींनी पदरात घ्यावं. ओद्वार, तुझी मात्र मी माफी मागत नाही. कुणी कुणाची मागायची, ते उद्या त्याच्यासमोर ठरवू.