पेव उघडायचा दिवस

बाळांनो, चौऱ्याण्णव सालचा इचोड्याचा बसथांबा डोळ्यांसमोर आणा. बाकावर माझ्याशेजारी नवी किडनी बसवलेले एक आजोबा, आजी आणि नात.

"आज नार्नूरले जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडून राह्यले. मी नाही गेलो तं कसं?"

"मागच्या साली गेलते. मंग ताप भरला ना!" आजी म्हणाली.

"किडनी तं चांगली होती."

"म्हून तं हैदराबादच्या डॉक्टरीणबाईनं पेवाचं इचारलं. म्हणे, किडनीच्या गोळ्यायनं अंगाची ताकद कमी झाली, म्हून पेवातली बुरशी छातीत गेली."

"नुसते सवाल इचारून बिमारी धरली बाईनं."

"मंग ऐका ना तिचं! पुन्यांदा वाचसान का?"

"अवं, पन पेव उघडल्यावरचा तो आंबूस वास..."

नार्नूरची गाडी आली. आजोबा उठू लागले. नातीनं त्यांच्या चपला ओढल्या आणि ती त्यांवर मांडी घालून बसली.