कातळवाडीच्या नळाचा न्याय

मंडळी, जरा कान इकडे! एक प्रश्न विचारते. सगळ्यांना एकच नियम लावला, म्हणजे न्याय झाला का? लगेच माना हलवू नका! डुलकीतली मानसुद्धा अशीच हलते!

ऐका तर. समुद्रकाठी कातळवाडी. गावचा पुंडलिक खवणेकर इंजिनीअर होऊन आला आणि त्याने गावच्या नळाला कॉम्प्युटर जोडला. कोणाला किती वेळ पाणी, ते मशीन ठरवणार! वशिला नाही, भांडण नाही. पुंडलिकाची छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं देवाचा धावा करू लागली!

आणि आठवड्यातच त्याच्या दारात भागीरथीकाकू! तिचं घर कातळाच्या माथ्यावर, सून ओली बाळंतीण, कमरेवर रिकामी कळशी.

"रे पुंडलिका, माझ्या नळाक पाच मिनटां आणि तुझ्या नळाक तासभर?"

"काकू, मशीन भेदभाव करत नाही. मागच्या वर्षी ज्याने जितकं पाणी वापरलं, तितकी त्याची गरज. नियम सगळ्यांना एकच!"

"अरे, मागच्या वर्षी वर पाणी चढलाच नाय! वापरूचा काय, वारो?"

बघा गंमत! उपाशी माणसाला म्हणायचं, काल जेवला नाहीस ना? मग तुला भूक कमी!

पुंडलिक चपापला. पण कबूल करेल तो इंजिनीअर कसला? काकूने कळशी खाली ठेवली.

"रापणीचे वाटे इसारलंस?"

रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं. माशांचे वाटे पडले, की एकजण वाट्यावर बोट ठेवतो, दुसरा पाठमोरा उभा राहून नाव पुकारतो. वाटे घालणाऱ्याला ठाऊकच नाही, आपला कुठला! मग तो सगळी सुरमई एकाच वाट्यात घालेल? छे हो!

वाटे घालताना विसर रे नाव ।
तेव्हाच वसेल न्यायाचं गाव ॥

"तसांच कर," काकू म्हणाली. "वेळापत्रक तू कर. मगे चिठ्ठी काढूया. ज्या घराची चिठ्ठी येयत, थय तू महिनोभर रवायचा!"

"कबूल!" पुंडलिक तोऱ्यात म्हणाला. पण वेळापत्रकाला बसला आणि बोट अडलं. माझी चिठ्ठी कातळावरची निघाली तर? उठला, धापा टाकत वर चढला, काकूचा नळ मुद्दाम चालू ठेवून खाली कळशी लावली, घड्याळ धरलं. एक कळशी भरायला अकरा मिनिटं! पाच मिनिटांत बाळाची दुपटीसुद्धा भिजेनात!

दुसऱ्या दिवशी देवळात नवं वेळापत्रक. कातळावर दीड तास, पुंडलिकाकडे वीस मिनिटं. मशीन तेच, वायर तीच! काकूने त्याला वाचायला लावलं, दोनदा ऐकलं.

"आता चिठ्ठी कशाला, काकू? वाटे नीट पडले ना?"

"पडले. तरी काढ एक. सवय मोडूक नको!"

हसलात? हसा! पण मंडळी, या मंडपात पंखा एकच. त्याचं तोंड कोणाकडे? माझ्याकडे! वळवला कोणी? मीच! आणि खांबाआडच्या त्या आजींचा पदर घामाने भिजलाय. आपापल्या घरातला, शाळेतला पंखा कोण वळवतं, तेही आठवा जरा! आजी, उठा, या इथे माझ्या जागी. उरलेलं कीर्तन मी खांबाआडून करते!