सासऱ्यांचा आवाज कुलपात

...आणि वर मलाच म्हणतात, "दुलो, तू ते उघडलंसच कशाला?" अहो, कशाला म्हणजे? ईमेल आला होता! "तुमचं खोकं कस्टमनं अडवलंय, सोबतचा कागद उघडून बघा." आता तुम्हीच सांगा, फिलिपिन्सातल्या आमच्या लिपा गावात, आमच्या गल्लीत, खोक्याची वाट बघत नाही असा एक तरी माणूस दाखवा! समोरच्यांचं खोकं इटलीहून येतं, कोपऱ्यावरच्यांचं हाँगकाँगहून, आमची लेक ग्लेंदा कतारला नर्स आहे, तिनं बोटीनं पाठवलेलं खोकं कधीपासून समुद्रातच... साबण, चॉकलेटं, डब्यातलं मटण, माझ्या मापाचे बूट, सगळं आत! आणि कुणी सांगितलं की ते अडकलंय, तर मी काय जपमाळ ओढत बसू? उघडलं! माझं काय चुकलं, सांगा! मी खोक्याची वाट बघत होतो!

तर कागद उघडला. आत काहीच नाही. पांढरं. मी म्हटलं, असेल, सरकारी कागद आहे. पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. तेवढ्यात कॉम्प्युटर असा घरघरायला लागला, मी आधी काय केलं असेल? त्याला पंखा लावला! म्हटलं उकडतंय बिचाऱ्याला. पंख्याचा वारा खात खात त्यानं आमच्या एकेक फाइलीचं नाव बदललं, आणि शेवटी स्क्रीन लालभडक, मधोमध घड्याळ उलटं धावतंय, आणि खाली लिहिलंय, तुमचं सगळं कुलपात टाकलंय, पैसे भरा, किल्ली घ्या.

आता तुम्ही म्हणाल, गेलं तर गेलं, त्यात होतं काय तुमच्या? तुम्हाला सांगतो, त्यात माझे सासरे होते! म्हणजे स्वतः नव्हते हो, ते गेल्या वर्षी वारले. सिमेओन त्यांचं नाव. देव त्यांना शांती देवो, गल्लीला त्यांनी कधी दिली नाही. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकायची, माईक हातात, स्क्रीनवर शब्द पळताहेत, आणि बाबा आपले डोळे मिटून गाताहेत, म्हणजे शब्द कुणासाठी पळताहेत ते देवाला ठाऊक! मधेच कॉम्प्युटर विचारायचा, "अपडेट करू का?" बाबा माईकमध्येच ओरडायचे, "नंतर!" चार वर्षं तो बिचारा विचारत होता आणि चार वर्षं बाबा "नंतर!" तर फेलीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, बापाची ती सगळी गाणी तिथंच भरून ठेवलेली. त्याच रविवारी वर्षाचा शोक उतरवायचा होता. फेली काळे कपडे सोडणार, सगळं खानदान जेवायला येणार, आणि जेवणाआधी बाबांचं गाणं लावायचं, असं तिनं वर्षभर मनाशी धरून ठेवलेलं. आणि मी गुरुवारी तो कागद उघडला.

मी म्हटलं, "फेली, रडू नकोस, तुझा नवरा काय मूर्ख आहे? दुसरी प्रत आहे ना!" होती हो! वेगळी डिस्क, मुद्दाम घेतलेली. हरवायला नको म्हणून मीच ती कॉम्प्युटरला जोडून, वरून चिकटपट्टीनं आवळून ठेवलेली. वर्षभर काढली नाही! आणि तो चोर तारेतनं सरळ चालत गेला तिच्यात! दोन्ही कुलपात!

मग फेलीनं डोळे पुसले, फोन घेतला, आणि त्या लाल स्क्रीनवर चोरांनी दिलेला पत्ता असतो ना, तिथं गप्पा मारायची सोय असते, विश्वास बसतो का? चोरांचा मदत कक्ष! "नमस्कार मॅडम, आम्ही आपली काय मदत करू?" अरे, तूच केलंस ना हे? आणि फेली कोण? अहो, आमच्या बाजारातल्या मासेवाल्या तिला लांबून बघून भावाचा फळा पुसतात! तिनं सुरुवातच केली, "पाचशे डॉलर? वेडबिड लागलंय का? एवढा जुना कॉम्प्युटर, कडेला गंज आलाय, या म्हाताऱ्याला विचार." म्हातारा म्हणजे मी! "शेवटचं सांग." तो म्हणतो, "मॅडम, भाव ठरलेला आहे." ही म्हणते, "ठरलेला भाव चर्चमधल्या मेणबत्तीचा. आणि ते घड्याळ आधी थांबव, माझं डोकं दुखतं. जेवलास का तू?" त्याचं उत्तर, "नाही." झालं! हिनं त्याला धरलाच! "न जेवता काम करतोस? आई नाही का तुला? लग्न झालंय?" मी मागून सांगतोय, फेली, तो चोर आहे गं! "गप्प बस दुलो, भाव उतरतोय!"

आणि उतरला हो! अर्ध्यावर आला! वर म्हणाला, विश्वास बसावा म्हणून एक फाइल फुकट उघडून देतो, पण लहान पाहिजे. बाबांची गाणी सगळी लांबलचक, बाबा एक कडवं तीनदा घ्यायचे. लहान काय निघालं? विजेचं बिल! इतक्या मेहनतीनं त्या गुन्हेगारानं आम्हाला काय परत दिलं, तर विजेचं बिल. तेही थकलेलं.

फेली कानातले विकायला निघाली, तेवढ्यात रोवेना आली, बाजारामागं दुरुस्तीचं दुकान चालवते ती, मला तितो म्हणते, म्हणजे काका. आल्या आल्या म्हणाली, "तितो, तार काढलीत का?" म्हटलं, कुठली? तिनं कपाळाला हात लावला, आधी इंटरनेटची तार उपटली, मग माझी लाडकी चिकटपट्टी सोडवली. म्हणाली, "हे रॅन्समवेअर. खंडणीवाले. पैसे दिले म्हणून किल्ली मिळते असं समजू नका. लाल स्क्रीनचा फोटो काढा, पोलिसांना कळवा, या जातीच्या कुलपाची किल्ली कुणी फुकट काढलीय का ते मी शोधते." शोधली. नव्हती. फेलीनं चोराला शेवटचं विचारलं, "आईची शपथ घे, पैसे दिले की बाबांचा आवाज परत देशील." तो बराच वेळ काहीतरी लिहीत होता... आणि आलं काय? "शपथ नाही घेऊ शकत मॅडम." फेलीनं फोन बाजूला ठेवला. कानातले परत घातले. आरसा न बघता घातले, उलटे.

मग रोवेनानं कॉम्प्युटर पुसून कोरा केला, सगळं नव्यानं घातलं, ती कुलपातली डिस्क डब्यात ठेवायला लावली, म्हणाली, पुढंमागं किल्ली निघते कधीकधी. मग म्हणे, पासवर्ड बदला, काय होता? म्हटलं, बोगार्त. आमच्या कुत्र्याचं नाव, सगळीकडे तोच. आणि तो कुत्रा रोज संध्याकाळी हरवतो, म्हणजे रोज मी गल्लीभर माझा पासवर्ड बोंबलत फिरतोय! रोवेना हसली नाही, नुसती खुर्चीवर बसली. आणि शेजारीपाजारी जमून पुन्हा तेच, "दुलो, उघडलंस कशाला?" अहो, मी खोक्याची वाट बघत होतो! शनिवारी आलं की ते खोकं! कस्टमनं बोटसुद्धा लावलं नव्हतं! बूट आले, एक नंबर लहान. ते घालून मी ओसरीवर बसलो, आत फेली रविवारसाठी पानसित करतेय, आणि ती शेवया हलवता हलवता नुसती रडतेय.

तेवढ्यात फाटकात कुया अर्तेमियो, कुया म्हणजे आमच्याकडं दादा. भिंतीपलीकडचे शेजारी, वय सत्तरीच्या पुढं, दहा वर्षं आमच्याशी बोलत नाहीत. हातात जुना फोन. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या सासऱ्याचं गाणं गेलं म्हणे." म्हटलं, गेलं. "माझ्याकडे आहे." काय? "तक्रारीसाठी भरून ठेवलं होतं. पुरावा म्हणून. दहाच्या पुढं गायला लागला की मी खिडकीतून फोन धरायचो. वस्तीचा कारभारी, बारांगायचा कप्तान, त्याच्याकडं द्यायला गेलो, तर तो घरी नव्हता. तुमच्याकडेच माईक धरून बसला होता!"

तुम्हाला सांगतो, फेली झारा घेऊनच धावत बाहेर आली. ते म्हणाले, "देतो, पण यापुढं दहानंतर माईक बंद." आणि ज्या बाईनं आंतरराष्ट्रीय चोराचा भाव अर्ध्यावर आणला, ती बाई अकरा म्हणाली नाही, साडेदहा म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "बरं, कुया."

रविवारी सगळं खानदान बसलं, आणि लावलं. बाबांचा आवाज! थोडा लांबून, भिंतीतून आल्यासारखा, पण बाबाच! आणि वरून कुयांचा आवाज, अगदी जवळून, "ऐका! वाजलेत किती! हा माणूस आहे की भोंगा!" सगळे रडताहेत आणि हसताहेत. दुसऱ्या गाण्यात शिव्या, तिसऱ्यात शिव्या... पण पुढं पुढं शिव्या कमी होत गेल्या हो. एका गाण्यात कुयांची बायको म्हणते, "अहो, फोन ठेवा, झोपा," आणि कुया म्हणतात, "थांब गं, कडवं येतंय." आणि शेवटच्या गाण्यात, बाबा दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातलं असणार, त्यात शिवी नाहीच. नुसतं गुणगुणणं. बाबा तिकडं, कुया इकडं, मधे भिंत. मी फेलीकडं बघितलं नाही. माझंच मला आवरत नव्हतं.

आता आम्ही शहाणे झालोय बरं का. अपडेट विचारलं की लगेच "हो!" डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, काढायची, कपाटात. आणि एक प्रत घराबाहेर असावी म्हणते रोवेना, तर ती कायम कुया अर्तेमियोंकडे. मग मला वाटलं, बाबांचा आवाज मागं राहिला, आपलाही राहावा की! मीपण कधीतरी जाणारच. म्हणून गेला आठवडाभर संध्याकाळी माईक घेऊन, बरोबर त्यांच्या भिंतीकडं तोंड करून, जीव तोडून गातोय. काल फाटकात भेटले. मी आपलं सहज विचारलं, "काय कुया, भरताय ना फोनमध्ये?" तर म्हणतात कसे, "दुलो, तुझा सासरा गायचा ना, त्याची तक्रार करावीशी तरी वाटायची. तू गायला लागलास की आम्ही खिडकी लावून जेवायला बसतो."

झालं! म्हणजे माझी प्रत काही निघत नाही.