आधी चांगला पाय

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं माणसं गाव सोडत होती. चुडाव्याच्या फलाटावर चतुराबाई गाठोड्याला टेकून, पेंगत, मनमाडच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी दोन बायका बोलत होत्या. त्यांच्या मधे एका पायानं लुळी असलेली पोर डोळे मिटून पडली होती.

“उमे, लेकीचा लुळा पायच का चोळायलीस?”

“तोच दुखणाईत हाय न्हवं, तानुमावशी.”

“आधी चांगला चोळ. त्याचं सुख बघून दुसरा हावरा होतो.”

“पायाला काय कळतंय?”

“तुज्यापरीस लय कळतंय. अगं, दाब की. भाकरीचं पीठ बी यापेक्षा जोरात मळतीस.”

“हाड मोडंल म्हणून भ्याव वाटतंय. तुमीच चला की संगं.”

“आन् गावातल्या बाकीच्या लेकरांच्या घरी चोळायला कोण जाईल?”

“तिकडं असा हात मिळायचा न्हाई. पोर कायमची आडवी ऱ्हाईल.”

“म्हणून तर तुला शिकवायलेय. मी तेल सोडत गुणगुणते, तू हाताला ताल धर.”

मग बराच वेळ नुसती गुणगुण चालली. करडीच्या तेलाचा वास उन्हात तरंगत राहिला. चतुराबाईला वाटलं, आपणच कुणाच्या तरी मांडीवर निजलोय.

“तानुआजी,” पोर डोळे न उघडता पुटपुटली, “आई कुठं गेली? कवापासून तूच चोळायलीस.”

उमेचे हात चालूच होते.

“हितंच हाय, बाळे,” तानुबाई म्हणाली, आणि तिनं आपले तेलकट हात पदराला पुसले.