अर्ध्यावर गायब झालेलं ट्रम्पेट

आमच्या सासऱ्यांना, नानांना, तुम्ही ओळखता ना? भुसावळला वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. तरुणपणी रेल्वे कॉलनीतल्या डान्सच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचो, असं सांगायचे. आम्ही तोंडावर हो म्हणायचो आणि मागे हसायचो.

मागच्या महिन्यात माळ्यावर त्या ऑर्केस्ट्राच्या टेपचं रीळ सापडलं. मी ते जळगावहून मोबाइलवर उतरवून आणलं आणि चहाच्या वेळी लावलं. पंधरा-वीस वाद्यं एकदम उसळली आणि सगळ्यांच्या वर ट्रम्पेट! नानांची मान ताठ. पण दुसऱ्याच गाण्यात ट्रम्पेट अर्ध्यावर गायब, बाकीचे आपले वाजवतायत.

"टेप खराब झालीय," मी म्हटलं.

नाना मूळचे धुळ्याकडचे, चिडले की अहिराणीवर येतात. "टेप चांगली शे! मनी ड्युटी लागनी व्हती!"

ट्रम्पेट खुर्चीवर ठेवून ते गाडी न्यायला पळाले होते म्हणे. मी हसत मोबाइल बंद करायला गेले, तर नानांनी हात आडवा घातला. "थांब. शेवटचं गाणं ऐक."

ते गाणं संपता संपता टेपमध्येच लांबून इंजिनाची शिट्टी आली, अगदी तालात, आणि त्या डान्सच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

नाना चहाचा घोट घेत म्हणाले, "तीसुद्धा मीच वाजवली."