झाडामागचा पुजारी

फ्रेमच्या दुकानात माझ्या पुढे एक जोडपं उभं होतं. काउंटरवर त्यांनी जुन्या चित्रावरून हाताने रंगवून घेतलेली नक्कल पसरली होती: ओकचं झाड, पांढऱ्या झग्यांतले प्राचीन केल्टिक पुजारी, सोन्याचा विळा.

"अहो, हा झाडामागे कोण?"

"असेल कोणी पुजारी."

"चष्मा लावलेला? आणि हातात मोबाइल? अहो, हे तुम्हीच आहात!"

"मूळ चित्राला काच होती गं. नकलेसाठी फोटो काढताना त्यात माझं प्रतिबिंब पडलं असणार. त्या चित्रकाराने तेही रंगवलं, मी काय करू?"

"पोट काय हुबेहूब काढलंय!"

"हसू नकोस. त्याला सांगतो पुसायला. ताईंच्या नव्या घरी असलं कसं द्यायचं?"

"काही पुसायचं नाही. ताई खूशच होईल. तिच्याकडे काहीही असलं की तुम्ही जेवलात की पसार, म्हणून कायम ऐकवते मला."

"म्हणून मी त्यांच्या भिंतीवर लटकू?"

"दादा, फ्रेम चांगली भक्कम बसवा हो. मधूनच उठून जायची सवय आहे यांना."